एकाच टीपकागदाच्या दोन बातम्या

एलएसडी बहुतेक वेळा कागदावर येतं. करंगळीच्या नखाहून लहान असा टीपकागदाचा चौकोन, त्यावर छापलेलं रंगीत चित्र, आणि कागदात मुरलेलं साधारण १०० मायक्रोग्रॅम रसायन. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मिठाचे एक-दोन कण चिमटीत घेतलेत तरी तेवढं वजन होईल.

या चौकोनाबद्दल आपल्याकडे दोन बातम्या चालतात. पहिली इंग्रजी पॉडकास्टमध्ये, ओटीटीवरच्या माहितीपटांत आणि स्टार्टअपवाल्यांच्या रील्समध्ये असते. तिथे हा कागद म्हणजे प्रवास, सर्जनशीलता, नैराश्यावरचा उपचार. दुसरी संध्याकाळी टीव्हीवर लागते. तिथे तोच कागद म्हणजे ड्रग्ज पार्टी, पेडलर, कनेक्शन, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल वर्तुळात कुणाचा तरी फोटो. तुमच्या वाट्याला यातली कुठली बातमी येणार, हे कागदावर ठरत नाही. ते तुमच्या नावावर, पत्त्यावर आणि हातात कुठला पडदा आहे त्यावर ठरतं. मला राग दोन्ही बातम्यांचा आहे. पहिली आपल्या पोरांना फशी पाडते आणि दुसरी त्यांना आधीच गुन्हेगार ठरवून मोकळी होते.

पहिलीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही.

माझ्या खालाचा मुलगा नागपुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत भिवापूरला आला होता. एका रात्री गच्चीवर त्यानं हळूच विचारलं, "भाई, एलएसडीची लत नाही लागत ना? ते तर सायन्स आहे ना?" त्यानं तो कागद कधी पाहिलाही नव्हता. पण मायकल पोलन यांच्या पुस्तकावरची नेटफ्लिक्सची २०२२ ची मालिका त्यानं पाहिली होती, आणि स्टीव्ह जॉब्स यांनी एलएसडी घेणं हा आपल्या आयुष्यातल्या दोन-तीन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक मानलं होतं, हे त्याला पाठ होतं. आमच्या धंद्यात ही गोष्ट फार फिरते. (जॉब्स यांचे जन्मदाते वडील अब्दुलफत्ताह जंदाली सीरियातल्या मुस्लिम घरातले होते, हेही आमच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी कुणीतरी अभिमानानं टाकतं. दोन्ही मेसेज एकाच पोरानं पाठवले तर काय होईल, याचा विचार करून बघा.)

त्याला जे सांगितलं गेलं होतं ते साफ खोटं नव्हतं. हेरॉइनसारखी किंवा दारूसारखी शारीरिक लत एलएसडीची लागत नाही, हे खरं. सायलोसायबिनवर, म्हणजे काही जातींच्या मशरूममधल्या रसायनावर, मोठ्या विद्यापीठांत चाचण्या चालू आहेत, हेही खरं. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून ठरावीक परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना काही रुग्णांसाठी सायलोसायबिन आणि एमडीएमए वापरण्याची मुभा दिली आहे. पण त्या चाचण्यांत कुणाला घेत नाहीत, हे रीलमध्ये येत नाही. ज्यांच्या घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार झालेला आहे, त्यांना दारातूनच परत पाठवतात. ज्यांना घेतात त्यांच्याशेजारी सहा-आठ तास प्रशिक्षित माणसं बसून असतात, आधी आणि नंतर कित्येक बैठका होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं एमडीएमएच्या उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी पुरावा आणा म्हणून सांगितलं, ती बातमी माझ्या खालाच्या मुलापर्यंत पोचलीच नाही. एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर कित्येकदा एनबोम नावाची वेगळीच रसायनं निघाली आहेत आणि त्यांनी माणसं मेली आहेत, हेही त्याला माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गाळलेली गोष्ट म्हणजे कायदा. इथे जरा थांबू, कारण हिशेब साधा आहे आणि तो मी एकाही पॉडकास्टमध्ये ऐकलेला नाही.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली प्रत्येक पदार्थाची 'अल्प मात्रा' आणि 'व्यापारी मात्रा' ठरवलेली आहे. एलएसडीची अल्प मात्रा २ मिलिग्रॅम, व्यापारी मात्रा १०० मिलिग्रॅम. आता समजा, एखाद्याच्या पाकिटात दहा चौकोन सापडले. त्यांतलं खरं रसायन झालं सुमारे १ मिलिग्रॅम. म्हणजे अल्प मात्रेच्याही आत. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. पण एका चौकोनाचा कागद साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम भरतो. दहा चौकोनांचं कागदासकट वजन सहज दीडशे मिलिग्रॅम होतं, आणि पोरगा थेट व्यापारी मात्रेत जातो. शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, दंड किमान एक लाख. शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य.

कागद मोजायचा की नाही, हा वाद खरोखर न्यायालयात गेला होता. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात मिश्रणातल्या निरुपद्रवी पदार्थाचंही वजन धरायचं असं ठरवलं. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते-डेरे यांनी टीपकागद हा एलएसडीचा अविभाज्य भाग आहे, तो वजनात धरला पाहिजे, असा निकाल दिला. निकाल बरोबर की चूक यावर वकील भांडोत. मला एवढं दिसतं की कॅलिफोर्नियातल्या उद्योजकाच्या आठवणीत हा कागद 'अनुभव' असतो आणि उमरेड रोडच्या नाक्यावर तोच कागद दहा वर्षांचा असतो. हे मी खालाच्या मुलाला गच्चीवरच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. नंतर बराच वेळ तो गप्प होता.

आता दुसरी बातमी.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी भिवापुरातूनच काम करत होतो, कंपनीचं ऑफिस अजून उघडलं नव्हतं. बसस्टँडजवळ ज्या टपरीवर चहा घ्यायचो तिथे टीव्ही दिवसभर चालू. २ ऑक्टोबरला मुंबईत कॉर्डेलिया क्रूझवर एनसीबीची धाड पडली आणि ३ तारखेला आर्यन खानला अटक झाली. एनसीबीनं जप्तीचा जो आकडा दिला तो असा होता: १३ ग्रॅम कोकेन, ५ ग्रॅम एमडी, २१ ग्रॅम चरस आणि एमडीएमएच्या २२ गोळ्या. आर्यनकडे यातलं काहीच सापडलेलं नव्हतं. त्याच्या दोनच आठवडे आधी गुजरातच्या मुंद्रा बंदरात डीआरआयनं सुमारे ३,००० किलो हेरॉइन पकडलं होतं. टपरीवरच्या टीव्हीनं कुठल्या बातमीला किती दिवस दिले, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवसांत रोजच्या बसण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं मला विचारलं, "काय भाऊ, तुमच्यात चालते का हे?" मनात काही वाईट ठेवून नाही. मिरचीचा भाव विचारावा तसं विचारलं. पण 'तुमच्यात' हा शब्द त्याला टीव्हीनं दिला होता. त्याच सप्टेंबरमध्ये केरळात पालाच्या बिशपांनी 'नार्कोटिक्स जिहाद' असा शब्द वापरला होता. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी तो आकडेवारीसकट फेटाळला. पण शब्दाला आकड्यांची गरज नसते, तो तोपर्यंत मोबाइलमधून विदर्भात पोचलेला होता.

याची तुलना मी माझ्याच आयुष्यातल्या दुसऱ्या एका बातमीशी करतो. मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी एका रेव्ह पार्टीवर पोलिसांनी धाड टाकली आणि अडीचशेहून जास्त तरुण-तरुणींना पकडलं. 'रेव्ह पार्टी' हा शब्द मराठी घरांत तेव्हा शिरला. पकडलेल्यांत आयटीतली आणि कॉल सेंटरमधली मुलंही होती. आठवडाभर पेपरांत आयटीचा सोपा पैसा, पाश्चात्त्य संस्कृती, बिघडलेली पिढी वगैरे चाललं. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. लोकांनी चेष्टा केली, अब्बूंनी फोनवर चार शब्द सुनावले, आणि विषय मिटला. सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून मला कुणी खोली नाकारली नाही, की समस्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या वतीनं निषेधाचं पत्रक काढा म्हणून सांगितलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखानाच सापडला. किलोंनी माल निघाला. कुणी 'केमिकल इंजिनीअर जिहाद' म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. मला फक्त तेवढीच सवलत हवी आहे जी २००७ मध्ये माझ्या पेशाला मिळाली होती.

ही आग फक्त मुसलमानांवर पडली असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. २०२० मध्ये रिया चक्रवर्तीला जवळपास महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात ठेवलं गेलं, आणि त्याआधी कित्येक आठवडे वाहिन्यांनी तिला चेटकीण करून टाकलं होतं. बंगाली बायकांच्या काळ्या जादूपर्यंत मजल गेली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं सुशांतसिंहच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल दिला. आणि मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ रोजीच माध्यमांच्या खटलेबाजीवर सविस्तर निकाल देऊन, अशा बातम्या कशा देऊ नयेत हे लिहून दिलं होतं. क्रूझवरची धाड त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी पडली.

२८ ऑक्टोबरला आर्यनला जामीन मिळाला. उच्च न्यायालयाच्या सविस्तर आदेशात, व्हॉट्सॲपच्या संभाषणात कटाचा पुरावा दिसत नाही असं नोंदवलं गेलं. २७ मे २०२२ ला एनसीबीनं १४ जणांवर आरोपपत्र ठेवलं, सहा जणांना वगळलं, त्यांत आर्यन होता. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्या टपरीवर गेलो. राजस्थान आणि बंगळूरचा आयपीएलचा सामना लागला होता. चॅनल बदलायला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच हाकललं असतं. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये 'तुमच्यात' विचारलं होतं त्यांना मेमध्ये काही कळलंच नाही. यात त्यांचा दोष मी काढत नाही. अटकेला २६ दिवस देणाऱ्यानं सुटकेला २६ मिनिटं तरी द्यावीत, ही जबाबदारी टपरीवाल्याची नव्हे.

माध्यमांचा हा दुटप्पीपणा जुना आहे. अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकानं मे १९५७ मध्ये गॉर्डन वॉसन या बँकेतल्या बड्या अधिकाऱ्याचा लेख छापला. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या एका डोंगरी गावात जाऊन त्यानं मशरूम खाल्ले होते, आणि लेखात त्याचं वर्णन अद्भुत प्रवासासारखं होतं. त्याच 'लाइफ'नं मार्च १९६६ मध्ये मुखपृष्ठावर एलएसडी म्हणजे हाताबाहेर गेलेला स्फोटक धोका असं छापलं. नऊ वर्षांत रसायनशास्त्र बदललेलं नव्हतं. आधी घेणारा बँकर होता, नंतर घेणारी लांब केसांची, युद्धाला विरोध करणारी पोरं होती. आणि ज्या बाईनं वॉसनला आपल्या घरात बसवून तो विधी दाखवला, त्या मारिया साबिनाचं काय झालं? लेखात तिचं नाव बदललेलं होतं, तरी लोकांनी तिला शोधून काढलं. गाव परदेशी पोरांनी भरून गेलं, मागोमाग पोलिस आले, आणि चिडलेल्या गावकऱ्यांचा रोष तिच्यावर. तिचं घर जाळलं गेलं. लेख छापणाऱ्यांपैकी कुणाचंच घर जळलं नाही.

आपल्याकडचं गणितही वेगळं नाही. सिनेमात होळीच्या गाण्यात भांग आली की थिएटर हसतं, आणि कायद्यानंही पानांची भांग गांजा-चरसाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. त्याला माझी हरकत नाही. गोव्यातल्या पार्टीत तीच नशा निऑन दिव्यांत दाखवली की ती मस्ती होते, आणि कॅमेरा भेंडीबाजाराच्या गल्लीत वळला की सुरमा घातलेला, जाळीची टोपी घातलेला पुरवठादार हमखास उभा असतो. घेणारा नायक, विकणारा सलीम. तीस वर्षं हेच बघून मोठा झालेला माणूस टपरीवर 'तुमच्यात' विचारणार नाही तर काय करणार?

मी सॉफ्टवेअर लिहितो. ज्या सिस्टीममध्ये प्रत्येक बिघाडाला 'समथिंग वेंट राँग' एवढाच संदेश येतो ती सिस्टीम दुरुस्त करता येत नाही. आपल्या बातम्यांत 'ड्रग्ज' हा शब्द तसा झाला आहे. एलएसडी, गांजा, हेरॉइन, एमडी म्हणजे मेफेड्रोन, आणि एमडीएमए ही वेगळीच गोष्ट, सगळं एका शब्दात कोंबलं जातं. कुठला पदार्थ, किती, कुणाकडे, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, यातलं काही कळत नाही. कळतं फक्त आडनाव.

आणि या गोंगाटात खरी दुखणी दिसेनाशी होतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात भ्रमकारक पदार्थ, म्हणजे एलएसडीसारखे, घेणाऱ्यांचं प्रमाण होतं ०.१२ टक्के. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या घेणारे १.०८ टक्के, म्हणजे नऊपट. दारू घेणारे १४.६ टक्के. आणि हुंगायच्या नशेत, म्हणजे व्हाइटनर, सोल्युशन, थिनर यांत, एक गोष्ट उलटी होती: मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये १.१७ टक्के. बाकी कुठल्याही नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नव्हती.

मालेगावात 'कुत्ता गोली' कशाला म्हणतात आणि संभाजीनगरात 'बटन' म्हणजे काय, हे तिथल्या पोरांना माहीत आहे. त्या गोळ्या जहाजातून येत नाहीत, औषधाच्या पाकिटातून येतात. खोकल्याचं कोडीनवालं सिरप कुणी गोव्यातून आणत नाही. पंक्चर काढायच्या सोल्युशनची ट्यूब रुमालात पिळून हुंगणाऱ्या बारा वर्षांच्या पोरावर ओटीटीला मालिका करावीशी वाटत नाही, कारण त्याला रंगीबेरंगी दृश्यं दिसत असली तरी ती कॅमेऱ्यात छान येत नाहीत. तो चॅनलच्याही कामाचा नाही, कारण त्याचा बाप शाहरुख खान नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण हे मासिक आपलंच आहे. टीव्हीवर आपल्यावर चिखल उडाला की आपण दोनच उत्तरं देतो. एक, "आपला पोरगा निर्दोष सुटला, बघा." दुसरं, "नशा हराम आहे, विषय संपला." पहिलं उत्तर खरं आहे, पण आर्यन सुटल्यानं मालेगावची गोळी थांबत नाही. दुसऱ्या उत्तरानं ज्याला विचारायचं आहे त्याचं तोंड बंद होतं. खालाच्या मुलानं मला विचारलं कारण मी ओरडणार नाही याची त्याला खात्री होती. त्यानं मौलानांना विचारलं नसतं, कॉलेजच्या समुपदेशकाला विचारलं नसतं, अम्मीला तर मुळीच नाही. मग उरतो पॉडकास्ट. व्यसनमुक्तीच्या रॅलीत कवटीचे फलक धरून फिरणाऱ्या आपल्या मंडळींना माझं म्हणणं आहे: सगळ्या पदार्थांवर एकच कवटी लावलीत, तर एखादा पदार्थ कवटीइतका भयंकर नाही हे ज्या दिवशी पोराला कळेल त्या दिवशी तो बाकीच्या कवट्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

संपादकांना चांगलं बोलून काही होत नाही, त्यामुळे त्यांना पत्र लिहायचं तर मुद्द्याचं लिहा. पदार्थाचं पूर्ण नाव छापलं का? वजन कागदासकट की कागदाशिवाय? आरोपीकडे काय सापडलं आणि त्याच्या शेजाऱ्याकडे काय सापडलं, हे वेगळं लिहिलं का? सुटकेची बातमी अटकेच्याच पानावर आली का? असं एक पत्र छापलं जाणार नाही. तीस पत्रं गेली तर उपसंपादकाला निदान उत्तर द्यावं लागेल. दूरचित्रवाणीबद्दल तक्रार आधी वाहिनीकडे आणि मग एनबीडीएसएकडे करता येते. या संस्थेच्या आधीच्या मंडळानं २०२० मध्ये सुशांतसिंहच्या नावानं खोटी ट्वीट दाखवल्याबद्दल एका मोठ्या वाहिनीला दंड करून माफी मागायला लावली होती. म्हणजे दार अगदीच बंद नाही.

आणि एक काम गावातलं. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी माणसावर फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद त्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट लागतो. हे दोन्ही मी भिवापुरात आमच्या मशिदीच्या फळ्यावर, जुम्म्याच्या वेळेखाली लिहायचं सुचवलं. ट्रस्टी साहेबांनी आधी मान हलवली, लोक काय म्हणतील म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला: लिहा, पण उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे लिहा, आणि औषधाच्या दुकानदारालाही एक कागद नेऊन द्या.